गाड्यांची गाऱ्हाणी : आटे गाडीचे, बूड रिमचं

यावेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्मी पत्रं चाकांचीच. द्राक्षांचा सीझन तोंडावर आला की दरवर्षी असंच होतं, शेडमध्ये उभ्या असलेल्या गाड्या एकदम रस्त्यावर येतात आणि मग ज्याचं जे ढिलं आहे ते वाजायला लागतं. त्यामुळे क्लच आणि एसीवाल्यांनी रागावू नका, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न : सर नमस्कार. माझ्याकडे टोयोटाची हायलक्स आहे, शेतावर पण तीच आणि पाहुण्यांकडे जायला पण तीच. दिवाळीत नाशिकमधल्या एका दुकानातून बाहेरचे १७ इंची अलॉय रिम टाकून घेतले, गाडी दिसायला एकदम कडक झाली. नट मात्र जुनेच लावले, दुकानदार म्हणाला कंपनीचे ओरिजिनल नट आहेत, याच्यापेक्षा चांगले कुठं मिळणार. महिन्याभरात कसारा घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून टक टक आवाज यायला लागला, थांबून बघतो तर दोन नट हाताने फिरतायत. आवळले. परत पन्नास-साठ किलोमीटरला तेच. काल चाक काढलं तर एक स्टड (नट ज्याच्यावर बसतो तो बोल्ट) तुटलेला आणि रिमची भोकं आतून घासून चकचकीत. रिम डुप्लिकेट निघाले का? आणि जुन्या नटांना लेथवर टेपर (निमुळता उतार) मारून घेतला तर चालेल का?
— द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका

उत्तर : भाऊ, पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला कळवलं होतं की गाडी जागची हलवू नका, इथं जे लिहितोय ते बाकीच्यांसाठी पण आहे.

रिम डुप्लिकेट असेलच असं नाही, आणि तुमचे नट पण खराब नाहीत. दोघंही आपापल्या जागी चांगले, फक्त त्यांचं एकमेकांशी जमत नाही. दुकानदाराने अर्धंच बघितलं. नट स्टडवर गेला, फिरला, आवळला, म्हणजे झालं असं त्याला वाटलं. पण व्हील नटाला दोन टोकं असतात. आतले आटे जुळावे लागतात गाडीच्या स्टडशी आणि नटाचं बूड जुळावं लागतं रिमच्या भोकाशी. आटे गाडीचे, बूड रिमचं. रिम बदलला की आटे तेच राहतात पण बूड बदलू शकतं, आणि तुमच्या केसमध्ये ते बदललेलं आहे.

तुमचा जुना नट हातात घ्या. खाली सपाट वॉशर आहे, तो नटाला अडकवलेला असतो पण सुटा फिरतो, आणि त्याच्याही खाली एक गुळगुळीत नळीसारखा भाग आहे, त्याला शँक म्हणतात. टोयोटाच्या कंपनी अलॉयचं भोक त्या शँकच्या मापाचं असतं आणि वर वॉशर बसायला सपाट जागा असते. बाहेरून घेतलेल्या बहुतेक अलॉयचं भोक मात्र निमुळतं असतं, ६० अंशाचा टेपर, चहाच्या गाळणीसारखं वर रुंद खाली अरुंद. आता त्या निमुळत्या खड्ड्यावर सपाट वॉशर ठेवला तर टेकणार कुठं? फक्त वरच्या काठावर, ती पण एक बारीक गोल रेघ. सगळा दाब त्या रेघेवर. ॲल्युमिनियम मऊ असतं, काठ दबतो, काठ दबला की नट ढिला, नट ढिला की रिम हबवर, म्हणजे चाक ज्या फिरत्या भागाला बसतं त्याच्यावर, सरकायला लागतो, आणि मग स्टडला ताणाच्या ऐवजी वाक पडतो. तार पुढे-मागे वाकवून तोडतो ना आपण, स्टड तसाच तुटतो. तुमची चकचकीत भोकं म्हणजे रिम सरकल्याचीच खूण.

अजून एक गोष्ट आहे जी दुकानात कोणी सांगत नाही. हायलक्सच्या हबचा मधला उंचवटा १०६ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि कंपनीचा रिम त्याच्यावर टोपीसारखा फिट बसतो, म्हणजे रिमला सेंटरला धरायचं काम हब करतो. बाहेरचे रिम चार-पाच गाड्यांना चालावेत म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात, समजा ११० असेल तर चारही बाजूंनी २ मिलिमीटर मोकळं. अशा रिमला सेंटरला आणायचं काम नटाच्या टेपरवर येतं. तुमच्याकडे टेपरच नाही आणि हबवर पण मोकळं, म्हणजे रिमला धरायला कोणीच नाही. पुढच्या चाकाला थरथर जाणवत असेल तर ती बॅलन्सिंगची नाही, ह्याची आहे, उगाच वजनं चिकटवून घेत बसू नका.

आता लेथचं. मी स्वतः सातपूरच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं लेथवर उभा राहिलोय म्हणून सांगतो, कापून देणारा टर्नर तुम्हाला अंबडला दहा मिनिटांत भेटेल, पण करू नका. वॉशर काढून शँकला टेपर मारायचा म्हणजे आटे संपतात तिथे भिंत कागदासारखी उरते, आणि सहाच्या सहा नटांना एकच अंश लागेल याची खात्री तो पण देणार नाही आणि मी पण नाही. सरळ नवीन २४ नटांचा सेट घ्या : एम १२ (१२ मिलिमीटर जाडीच्या स्टडचा), पिच दीड (दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर), बूड ६० अंश टेपर. पिच दीड हे तोंडाने मोठ्याने सांगा, कारण मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना १२ चाच स्टड पण पिच सव्वा असतो, आणि दोन्ही नट एकाच बरणीत ठेवणारी दुकानं मी बघितलीत. चुकीचा नट एक-दीड फेरी हाताने जातो, मग अडतो, आणि पोरगं लगेच एअर गन लावतं. गन काय, काहीही आत घालते. आटे गेले, स्टड गेला. पूर्ण नट हाताने, दोन बोटांनी गेला पाहिजे, पाना फक्त शेवटाला.

नट आत किती जायला हवा तेही मोजा. अंगठ्याचा नियम असा की स्टडची जेवढी जाडी तेवढी आट्यांची पकड. १२ चा स्टड, दीडचा पिच, म्हणजे ८ फेऱ्या. नट टेकेपर्यंत पाचच फेऱ्या झाल्या तर रिम जाड आहे किंवा नट चुकीचा आहे. आणि बंद टोकाच्या चकचकीत नटात उलटं पण होतं, स्टड आतून टोपीला टेकतो आणि आपल्याला वाटतं नट घट्ट बसला, प्रत्यक्षात रिमवर दाबच नाही.

बूड जुळलंय का हे बघायला आम्ही कारखान्यात ब्लू, म्हणजे खूण उमटवणारा निळा रंग, मारायचो, तुम्ही घरातलं काजळ घ्या. नटाच्या टेपरला बोटाने पातळ काजळ लावायचं, रिम हबवर असताना नट हाताने टेकवायचा, पान्याने हलकासा फिरवायचा आणि परत काढायचा. रिमच्या भोकात सगळीकडून रुंद पट्टा उमटला तर जोडी जमली. बारीक रेघ उमटली किंवा एकाच बाजूला डाग पडला तर तो नट त्या रिमचा नाही. मागच्या रविवारी शेजाऱ्याच्या गाडीवर करून दाखवलं, त्याच्या नटाने केसाएवढी रेघ काढली, तो गप्पच झाला. त्याने कुठल्यातरी होंडा कारचे नट लावले होते, होंडाचं बूड गोल असतं, चेंडूच्या तुकड्यासारखं, वरून बघितलं तर टेपरसारखंच दिसतं. फरक कळायला स्टीलची पट्टी नटाच्या तिरक्या बाजूवर उभी टेकवा आणि उजेडाकडे धरा. टेपर असेल तर पट्टी पूर्ण चिकटते, गोल असेल तर डुलते आणि खालून-वरून उजेड दिसतो.

तुमच्या त्या चाकाचे सहाही स्टड बदला, एक तुटला म्हणजे बाकीच्या पाचांनी त्याचा भार सोसलाय, ते दिसायला धड आहेत एवढंच. ज्या रिमची भोकं लांबट झालीत तो रिम भंगारात. वेल्डिंग करून भरून देतो म्हणणारे आहेत, त्यांना हात जोडा. बाकीचे तीन रिम काजळ लावून बघा, सपाट वॉशरने काठ दाबला असेल तर तेही ठेवू नका. रिमच्या मागच्या बाजूला काय कोरलंय ते पण वाचा, लोड किती किलोचा लिहिलाय आणि मार्क कुठला. जेडब्ल्यूएल हा जपानी मार्क कारच्या अलॉयचा, ट्रक-बससाठी जेडब्ल्यूएल-टी वेगळा असतो. तुम्ही मागे क्रेट भरता म्हणून सांगतोय. मागच्या ॲक्सलवर भरलेल्या गाडीचं समजा १८०० किलो येत असेल तर एका रिमला ९०० किलो झेपायला हवेत, आणि ६९० किलो कोरलेले रिम पण दुकानात त्याच रॅकला लटकलेले असतात.

आणि जुने नट टाकून देऊ नका! स्टेपनी अजून कंपनीचीच असेल तर तिला जुनेच नट लागणार. सहा जुने नट कापडी पिशवीत घालून जॅकजवळ ठेवा. हे मी शहाणपणा म्हणून नाही सांगत, मी स्वतः खाल्लेली ठेच आहे. जीपला हौसेने सेकंडहँड अलॉय टाकले, स्टेपनी स्टीलची, नट सगळे अलॉयचे. त्र्यंबकहून येताना पंक्चर झालं, स्टेपनी लावली, तेच नट आवळले आणि अंजनेरीच्या उताराला चाक माझ्या पुढे निघून गेलं. श्रावणातला सोमवार, रस्त्याने निम्मं नाशिक चालत होतं, कोणाला लागलं नाही हे नशीब. एक आजोबा चाक भातखाचरातून ढकलत घेऊन आले आणि म्हणाले, तुमचं काहीतरी पडलं का.

प्रश्न : आमच्याकडे पिकअप आहे, टोमॅटो आणि कांदा भरून पिंपळगाव, लासलगाव, कधी वाशी. पंक्चरवाला नट आवळताना पान्यावर उभा राहून दोनदा उडी मारतो. मिस्टर म्हणतात जितकं घट्ट तितकं चांगलं. मला ते बघूनच कसंतरी होतं. खरं काय?
— पिकअपच्या मालकीणबाई, निफाड तालुका

उत्तर : ताई, तुमचं बरोबर आहे, मिस्टरांना हे वाचून दाखवा.

नट आवळतो तेव्हा स्टड ताणला जातो, केसभर, पण ताणला जातो, रबरासारखा. त्या ताणाने रिम हबवर दाबून राहतो आणि खरं वजन पेलायचं काम त्या दाबातून होतं. रबर थोडं ताणलं तर परत ओढतं, फार ताणलं तर लोळागोळा होतं. स्टडचं पण तसंच, हद्दीच्या पुढे ताणला की कायमचा लांब होतो आणि मग त्याच्यात ओढच राहत नाही. म्हणजे जास्त आवळलेला नट शेवटी ढिल्या नटासारखाच वागतो.

हिशोब करून दाखवतो. पाना अर्धा मीटर लांब आणि त्याच्या टोकावर ७० किलोचा माणूस नुसता उभा, तर साधारण ३४० न्यूटन मीटर (पिळायच्या जोराचं माप) होतात. उडी मारली तर किती, देव जाणे. पाइप घालून पाना एक मीटरचा केला तर उडी न मारताच ६८० च्या वर. आणि १२ मिलिमीटरच्या स्टडला लागतात किती, तर साधारण १०० ते १२०. १४ चा स्टड असेल तर जास्त, दीडशेच्या आसपास किंवा पुढे. तुमच्या गाडीचा नक्की आकडा मॅन्युअलमध्ये आहे, ते मॅन्युअल गाडीच्या कागदांच्या पिशवीत तळाला असतं आणि कोणीही उघडलेलं नसतं.

टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, घेतला तर उत्तमच. नसेल तर तुमच्याकडे गोणी मोजायचा लटकता काटा असणारच. आवळायच्या नटाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर पान्याला काट्याचा हुक अडकवा, पाना आडवा ठेवा, आणि काटा सरळ उभा, पान्याशी काटकोनात ओढा. काट्यावर २० किलो दिसले की १०० च्या आसपास झालं, २२ दिसले की ११० च्या जवळपास. प्रयोगशाळेतलं माप नाही हे, पण उडीपेक्षा हजारपट बरं.

क्रम असा की चाक हवेत असताना सगळे नट हाताने, मग पान्याने हलके, एक सोडून समोरचा असे, गोल गोल शेजारी-शेजारी नाही. मग जॅक खाली सोडून चाक जमिनीला टेकलं की शेवटचा जोर. आणि हबचा तोंडाचा भाग वायर ब्रशने घासून घ्या, गंजाचा पापुद्रा किंवा रंगाचा जाड थर मध्ये राहिला तर दोन दिवसांत तो दबतो आणि तेवढ्याने नट ढिला पडतो, आपण पंक्चरवाल्याला शिव्या देतो. म्हणूनच नवीन रिम किंवा नवीन रंग असेल तर ८०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा आवळून बघायचंच. निफाडहून वाशीला जाताना समजा इगतपुरीला चहाला थांबता, तिथंच पाना लावा, घाट पुढे आहे, चहा येईपर्यंत होतं.

आट्यांना तेल-ग्रीस लावायचं का असं खाली बारीक अक्षरात विचारलंय. छोट्या गाडीला नाही. तेल लावलं की घर्षण कमी होतं आणि काट्यावर तेच २० किलो दिसत असताना स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. कोरडे आणि स्वच्छ ठेवा, बस.

प्रश्न : दहा टायरची गाडी आहे. भंगार बाजारातून चाकाच्या दोन डिस्क (रिम) मिळाल्या, मापाला बरोबर बसतात, पण क्लीनर म्हणतो नट वेगळे लागतील. आणि एका गाडीचे डाव्या बाजूचे नट उलटे फिरतात ते का?
— ट्रकमालक, आडगाव नाका

उत्तर : क्लीनरचा पगार वाढवा.

मोठ्या ट्रकला दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत डिस्कचं भोक वाटीसारखं गोल खोलगट आणि नटाचं बूड पण गोल, म्हणजे डिस्कला सेंटर करायचं काम नट करतो. नव्या पद्धतीत हब सेंटर करतो, डिस्कचं भोक सरळ आरपार आणि नटाला खाली फिरणारा रुंद सपाट वॉशर. नव्या पद्धतीतला नट बहुतेक एम २२, पिच दीड, ३३ चा पाना. आता जुन्या डिस्कला सपाट नट लावला किंवा सरळ भोकाला गोल नट लावला तर वरती दिंडोरीच्या भाऊंचं जे झालं तेच होणार, फक्त इथं वर दहा-पंधरा टन माल असतो. डिस्कची भोकं बोटाने चाचपून बघा, वाटी लागते का सरळ लागतं ते. आणि जोड चाकात एक डिस्क ह्या जातीची आणि एक त्या जातीची, असं तर बिलकुल करू नका.

उलटे आटे जुन्या पद्धतीत डाव्या बाजूला देतात, चाक पुढे फिरताना नट सुटायच्या दिशेला जाऊ नये म्हणून. स्टडच्या तोंडावर एल किंवा आर कोरलेलं असतं, ब्रश मारून वाचा, नाहीतर नवीन पोरगं सोडायचा म्हणून आवळत बसतं आणि स्टड मोडून हातात देतं. मीच बघितलंय नाशिकच्या द्वारका चौकात, दोघं जण पाइपला लोंबकळत होते.

एम २२ च्या सपाट वॉशरवाल्या नटाला ६१० ते ६८० न्यूटन मीटर लागतात, आणि इथं मात्र तेलाचे एक-दोन थेंब चालतात, आट्यांना आणि नट-वॉशरच्या मध्ये. वॉशर आणि डिस्कच्या मध्ये नाही. ताईंना नाही म्हटलं आणि तुम्हाला हो म्हणतोय ते यासाठी की ह्या नटाचा आकडाच तेलाचे थेंब धरून दिलेला आहे. जुन्या गोल बुडाच्या नटाला कोरडंच.

सकाळी गाडी काढताना नटांकडे एक नजर टाकायची सवय लावा. नटाच्या खालून गंजाची तांबडी ओघळ आलेली असेल किंवा नटाभोवती रंगाला गोल तडा दिसला तर तो नट हलतोय.

छोटे प्रश्न, छोटी उत्तरं

सिडकोच्या वाचकाने विचारलंय की बारीक स्प्लाइनचे (बाहेरून बारीक दात असलेले) रंगीत नट, चावीने उघडणारे, घ्यावेत का. रिमची भोकं अरुंद असतील आणि साधा सॉकेट आत जात नसेल तर तेच लागतात, हौस म्हणून नको. त्याची चावी हरवली तर रात्री चांदवडच्या पुढे राहुड घाटात तुम्ही आणि तुमची स्टेपनी. गनने लावले तर चावीचे दात पण जातात. ॲल्युमिनियमचे रंगीत नट माल वाहणाऱ्या गाडीला अजिबात नको.

पंचवटीहून विचारलंय की स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये घालायची जाड चकती) टाकून टायर गार्डच्या बाहेर काढले तर पोलीस पकडतील का. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून बदल चालत नाहीत आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलंय. पोलिसांचं सोडा, टायर जितका बाहेर तितका बेअरिंगवर वाढीव भार, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला आधी टायरच बघणार.

मनमाडच्या वाचकाला पाच नटांच्या चाकाचा पीसीडी, म्हणजे सगळ्या स्टडच्या सेंटरमधून जाणाऱ्या गोलाचा व्यास, कसा मोजायचा ते हवंय. सहा नट असतील तर सोपं, समोरासमोरच्या दोन स्टडच्या सेंटरमधलं अंतर. पाचात समोर कोणी नसतो, म्हणून शेजारच्या दोन स्टडच्या सेंटरमधलं अंतर मोजा आणि १.७ ने गुणा. ८२ मिलिमीटर आलं तर १३९.७ चा पीसीडी समजा. ६७ आलं तर ११४.३. दुकानात जायच्या आधी हा आकडा, स्टडची जाडी आणि पिच, तिन्ही कागदावर लिहून न्या, आणि एक जुना नट खिशात.